हिराजी नाखव्याचं बेट

हिराजी नाखव्याने मला फसवलं. चांगले दोन हंगाम फसवलं, आणि तेही माझ्याच गिऱ्हाइकांसकट. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्याविषयी चार बरे शब्द बोललो तर वाचणाऱ्याचा गैरसमज नको.

हिराजी उरणकडच्या एका कोळीवाड्यातला. स्वतःची होडी, म्हणून नाखवा. होडीत चढणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तो धक्क्यावरच उघडायला लावायचा. आत प्लास्टिक सापडलं की काढून डोलकाठीला बांधायचा. रविवारी त्याची होडी सुटली की वाटायचं, कुणाचं तरी वाळत घातलेलं धुणंच समुद्रावर निघालंय.

नव्वदनंतरचे दिवस. नवीन पनवेल, कामोठ्याकडे इमारती उठत होत्या. माणसं नवी, रविवार मोकळा, आणि जायचं कुठे ते कुणाला ठाऊक नाही. मी एसटी स्टँडवर दुसऱ्यांच्या गाड्या धूत धूत स्वतःची जीप घेतलेला माणूस. रिकामा रविवार दिसला की माझे हात शिवशिवतात. गाडी माझी, होडी हिराजीची, जेवण पनवेलच्या खानावळवाल्या शेवंतामावशीचं, अशी तिघांची भागी ठरली. खाडीच्या तोंडाशी एक ओसाड बेट आहे, ते दाखवायचं आणि संध्याकाळी लोकांना घरी पोचवायचं.

मी जन्मभर घासाघीस केली, पण या माणसाशी ती करताच येईना. तो भाव बोलायचाच नाही, अटी बोलायचा. जेवण पानांवर. खरकटं परत होडीत. कुणी टेप लावला तर मधल्या पाण्यात इंजिन बंद.

मी म्हणायचो, "नाखवा, आज गर्दी आहे. आणखी एक फेरी टाका की."

"बेटाला इचारून सांगतो."

मग तो खरोखर धक्क्याच्या टोकाला जायचा, पाण्याकडे तोंड करून उभा राहायचा आणि परत यायचा. "नाय म्हनतं."

एकदा शेवंतामावशी वैतागली. "तुझ्या बेटाला एकदा माझ्या खानावळीत जेवायला पाठव रे. मग बघते कसं नाही म्हणतं!"

"त्याला तुमची आमटी खारट लागते, मावशी," हिराजी गंभीरपणे म्हणाला.

गंमत म्हणजे हे सगळं चाललं. नवीन पनवेलच्या बायका शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "आमचीसुद्धा पिशवी तपासली!" हा माणूस असा का वागतो, याचं मला कुतूहल होतंच. पण मला होडी लागते, उलट्या होतात. मी धक्क्यावर जीपपाशीच थांबायचो, त्यामुळे पलीकडे काय चालतं ते कधी पाहिलं नव्हतं.

एका रविवारी बँकेतल्या एका साहेबांनी आग्रहच केला. "मालक, आज तुम्ही पण चला." हिराजीचा चेहरा पडला. मला वाटलं, माझ्या काळजीने.

होडी तिवरांच्या कडेकडेने खूप फिरली. शेवटी वाळूच्या एका पुळणीला लागली. मागे टेकडी, समोर पाणी. पानं मांडली, जेवणं सुरू झाली. तेवढ्यात टेकडीच्या पायवाटेने घंटी वाजवत एक कुल्फीवाला सायकलवरून उतरला.

साहेबांचा घास हातातच राहिला. "मालक, हा सायकलवरून आला?"

"दिसतंय तसं."

"समुद्रातून?"

"नाय ओ साहेब," कुल्फीवालाच म्हणाला, "टेकडीच्या मागून. तिथं यष्टीचा थांबा हाय. काय नाखवा, आज लवकर आलासा?"

लोक पोट धरून हसले. साहेबांनी सगळ्यांना कुल्फी दिली. मी मात्र तापलो होतो. पनवेलभर बेट म्हणून नाव केलं, आणि हा लोकांना लांबून फिरवून किनाऱ्यावरच उतरवतो!

दुसऱ्या दिवशी मी एकटाच कोळीवाड्यात गेलो. "चल, खरं बेट दाखव. नाहीतर भागी मोडली."

त्याने होडी सोडली. ओहोटी लागली होती. बेट दिसायला लागलं तसं त्याने इंजिन बंद केलं. खडकांवर वाड्यातल्या बायका कालवांचे शिंपले फोडत होत्या आणि एकमेकींची थट्टा करत होत्या. त्यात एक उंच मुलगी सगळ्यांत मोठ्याने हसत होती.

"जवळ घे," मी म्हणालो.

"नाय शेट. इथनंच बघा." त्याने बोटाने दाखवलं. "ती उंच हाय ना, ती माजी पोर. नवऱ्यानं टाकली. घरात भिंतीकडं तोंड करून बसते. वाड्यात ज्यानं त्यानं इचारलं, का आली, कवा जानार. इथं कोन इचारत नाय."

"मग मला सांगायचं होतं!"

"पयल्याच फेरीत तुमच्या एका पावण्यानं तिचा फोटू काढला. ओल्या लुगड्यात. बाकीचे कालवांवरनं बूट घालून चालले. आमच्या बायांनी खायचं काय? बायका परत आल्या, ही लय दिवस आली नाय."

मी म्हणालो, "बरं. पण तू तरी जवळ जा. तिला आवाज दे."

"नाय ओ. मी गेलो का गप व्हते." त्याने नजर हलवली नाही. "मी रोज इथनंच बघतो."

आम्ही भागी मोडली नाही. त्याच पुळणीवर फेऱ्या चालू ठेवल्या, फक्त मी आता तिला पुळण म्हणतो, आणि लोक तरीही येतात. पिशव्या तपासणंही चालूच आहे.

पण माझी तक्रार मिटलेली नाही. दोन हंगाम आम्ही एका ताटात जेवलो. फोटो काढणाऱ्याला मी जीपमधून भर रस्त्यात उतरवला असता, बाकीच्यांना मीच दुसरीकडे नेलं असतं. हिराजीने तोंड उघडलं नाही. गाड्या धुऊन वर आलेल्या माणसाला एवढंही कळणार नाही, असं त्याला का वाटलं? हिराजीने माझ्यासमोर उभं राहून याचा जाब द्यावा.