परीक्षकबाईंचा अंगठा

बराको रविवारी चॅम्पियन झाला, तर आन्सेल्मो दिमाकुलांगानच्या पदरात काय पडणार होतं? रेशमी फुलाची एक फीत, सहीशिक्क्याचा एक कागद, कुत्र्याच्या नावाआधी एक पदवी आणि शेजारच्या गौदिंगच्या तोंडाला कायमचं कुलूप. नाही झाला, तर काय जाणार होतं, ते त्याच्या बायकोनं, दोरायनं, शनिवारी सकाळी लसूण घालून भात परतता परतता सांगून टाकलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत मुदत. जिंकला नाही, तर मी कात्री काढणार. डोक्यापासून शेपटीपर्यंत."

"दोराय, दोन वर्षं वाढवलेले केस आहेत ते!"

"माझीही तीच दोन वर्षं गेलीत. एसी त्याच्या खोलीत आणि आपण पंख्याखाली. एप्रिलमध्ये माझी बहीण आली, तर उकाड्यानं हैराण होऊन त्याच्या खोलीत जाऊन झोपली. वर सकाळी तू तिलाच विचारतोस, त्याची झोपमोड तर नाही ना झाली!"

आन्सेल्मोनं खरंच तसं विचारलं होतं.

बराको म्हणजे उशीएवढा शित्झू. नाव मात्र लिपा गावच्या त्या कडक कॉफीचं, जिच्या एका कपात माणूस दोन दिवस जागा राहतो. पांढरे-सोनेरी केस जमिनीला टेकलेले, इतके की चालायला लागला की पाय दिसत नसत. कुणीतरी पडदा ओढत नेल्यासारखा तो सरकत जाई. एवढे केस राखायचे, तर त्यांच्या बटा पातळ कागदात गुंडाळून रबरबँड लावून ठेवाव्या लागतात. आन्सेल्मोचं बाजारात खिळे-सिमेंटचं दुकान. दिवसभर गिऱ्हाईक पावशेर खिळ्यांसाठी अर्धा तास घासाघीस करी. सहाला दुकान बंद करून तो घरी येई, हात धुई आणि बराकोला टेबलावर घेऊन एकेक गुंडाळी सोडायला बसे. अठ्ठावीस गुंडाळ्या सोडायच्या, विंचरायच्या, पुन्हा बांधायच्या. तासभर त्याच्याशी कुणी बोलत नसे आणि त्यालाही कुणाशी बोलावं लागत नसे. हे सगळं कुत्र्यांच्या प्रदर्शनासाठी चाललंय, असं तो सगळ्यांना सांगे. स्वतःलाही.

शनिवारी प्रदर्शन होतं मॉलच्या मागच्या पत्र्याखाली. बराको जिंकला. पदवीसाठी आता एकाच परीक्षकाची पसंती हवी होती, ती रविवारी. आन्सेल्मो पिंजरा आवरत असताना पांढऱ्या केसांची एक उंच गोरी बाई हातात कॉफी घेऊन जाता जाता थबकली.

"काय सुंदर चेहरा आहे याचा! असं डोकं मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही," ती म्हणाली आणि निघूनही गेली.

पलीकडे गौदिंग आपल्या बीगलचे कान पुसत होता. त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला आन्सेल्मो धर्मपिता झाला, तेव्हापासून दोघं एकमेकांना 'पारे' म्हणत, आणि तेव्हापासूनच एकमेकांचं बरं झालेलं दोघांना सहन होत नसे.

"पारे, कोण होती कळलं का? न्यूझीलंडच्या व्हिटकोम्ब. उद्या तुझी परीक्षक तीच."

"म्हणजे जिंकलोच की रे! ऐकलंस ना, काय म्हणाली?"

"मी ऐकलं. तू ऐकलं नाहीस. परीक्षकाशी आधी बोलताना दिसलास, तर कुत्र्यासकट बाहेर काढतील. माझ्यासारखे चांगले शेजारी सगळ्यांना नसतात."

आन्सेल्मो शीळ घालत घरी आला. पिंजरा उघडला आणि शीळ ओठांतच राहिली. बराकोची शेपटी खाली होती. शित्झूची शेपटी पाठीवर कारंज्यासारखी उसळलेली असावी लागते; ही ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. उकडलेली कलेजी समोर धरली, तर त्यानं तोंड फिरवलं. आन्सेल्मोनं तसंच उचलून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी ताप पाहिला, पोट दाबलं, डोळे ताणले. "काही दिसत नाही. दमला असेल," म्हणून परत पाठवलं.

डॉक्टरांना जे दिसलं नाही, ते सासूबाईंना उंबऱ्यातूनच दिसलं. दोरायची आई, नानाय एपांग. वय एक्याऐंशी, हातात पंखा आणि बोलण्यात शंका म्हणून नाही.

"कुणी कौतुक केलं याचं?"

"नानाय, आज पन्नास लोकांनी केलं असेल."

"तोंड भरून कुणी केलं? अनोळखी?"

आन्सेल्मोनं सांगितलं. नानायनं पंखा मिटला. "आणि 'पुएरा उसोग' म्हणाली का ती, दृष्ट लागू नये म्हणून?"

"नानाय, ती न्यूझीलंडची आहे!"

"मग? न्यूझीलंडच्या माणसांच्या डोळ्यांत काय जोर नसतो? उसोग झालाय. ज्यानं कौतुक केलं, त्यानंच अंगठ्याला थुंकी लावून पोटावर फिरवायची. दुसरा उपाय नाही."

दोराय हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. ती आतून ओरडली, "आई, उसोग-बिसोग काही नसतं! त्यातून कुत्र्याला!"

"तुला झाला होता. तीन महिन्यांची होतीस. नगराध्यक्षांनी मिरवणुकीत तुझा गाल ओढला आणि तू दूध तोडलंस. दुसऱ्या दिवशी भर सभेत त्यांचं भाषण थांबवून मी थुंकी घेतली. नाहीतर आज विज्ञान शिकवायला कोण उरलं असतं?"

आन्सेल्मोचा या गोष्टींवर विश्वास होता का? दुकानात बसून विचारलं असतं, तर नव्हता. पण लोंबणाऱ्या शेपटीसमोर बसून असल्या प्रश्नाचं उत्तर वेगळं येतं.

"पण नानाय, परीक्षकाशी बोलायलाच बंदी आहे. थुंकी कुठली मागता?"

"तुला बंदी आहे. मला कुणी केलीय?"

रविवारी सकाळी नानाय चर्चचा ठेवणीतला ब्लाउज घालून, बटवा काखोटीला मारून मॉलच्या मागे हजर. बराकोला टेबलावर उभा केला, तर तो बसला. बसवला, तर आडवा झाला. त्याची रिंगमध्ये जायची वेळ साडेदहाची.

"ओळख दाखवू नकोस," नानाय पुटपुटली. "मी तुझी कुणी नाही." आणि परीक्षकांच्या खाण्याच्या टेबलाकडे अशी चालती झाली, जणू मॉल तिच्या वडिलांनी बांधला होता. दहा मिनिटांनी परत आली, ती पदराआड धरावं तसं बटव्याआड काहीतरी लपवून. केळीच्या पानातला सुमान होता. चिकट भाताचा, वर नारळ-गुळाचा दाट पाक. एका टोकाला लचका तोडलेला.

"तिनंच खाल्लाय?"

"माझ्या डोळ्यांदेखत. एक घास खाऊन ठेवला. म्हटलं, बाई, तुमचं झालं असेल तर मी उचलते. तर थँक्यू म्हणाली मला!"

"अहो, पण याचं करायचं का—"

नानायला प्रश्न पुरा ऐकायची सवय नव्हती. तिनं बराकोला उताणा केला आणि लचक्याची बाजू त्याच्या पोटावर गोल गोल फिरवली. तीनदा. वर क्रूस काढला.

आन्सेल्मोच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानं शेजारचे दोन पोमेरेनियन भुंकायला लागले. दोन वर्षं रेशमासारखे जपलेले केस आणि त्यात खोबऱ्याच्या पाकातला चिकट भात. ओढून निघेना. कंगवा घातला, तर कंगवाच अडकला. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं.

"पाणी! गौदिंग, पाणी आण!"

गौदिंग आला, पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर पंधरा वर्षांचं सुख उमटलं. "पारे, कुत्रा दाखवायला आणलायस की वाढायला?"

"हसशील नंतर. तुझा ड्रायर दे. माझ्याला प्लग नाही मिळाला."

गौदिंग हसतच गेला, पण पिण्याच्या पाण्याच्या चार बाटल्या, साबण आणि ड्रायर घेऊन आला, आणि हसत हसतच त्यानं अर्धं पोट स्वतः धुतलं. आन्सेल्मो नखांनी एकेक दाणा सोडवत होता. नानाय वारा घालत म्हणत होती, "फार पुसू नका रे. गुण जाईल."

साडेदहाला बराको रिंगमध्ये शिरला तो पोटाला किंचित ओला, नारळाच्या मंद वासाचा आणि शेपटी जमिनीला लागलेली. समोर मनिलाहून आलेली एक शित्झू मादी होती. तिची शेपटी गगनाला. आन्सेल्मोनं तिच्याकडे बघणं सोडून दिलं आणि घरातली कात्री कुठल्या खणात असते, ते आठवायला लागला.

व्हिटकोम्बबाईंनी बराकोला टेबलावर घ्यायला लावलं. लांबून बघितलं, कपाळाला आठी पडली. हातातली वही चाळायची होती. बाई जुन्या पिढीच्या. त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं. मग वही खाली ठेवली आणि तोच हात बराकोच्या छातीवरून पोटाखाली फिरवला.

"लागला!" रिंगबाहेरून नानायची किंकाळी आली. "अंगठा लागला!"

रिंगचा कारभारी धावला. "आजी, बाहेरून कुत्र्याला खाणाखुणा करायच्या नाहीत. नियम आहे."

"कुत्र्याला कोण खाणाखुणा करतंय? मी देवाशी बोलतेय. तुझा नियम त्याला सांग."

कारभारी पुढे काही बोलणार, तोच टेबलावर बराकोच्या पोटातून पंपासारखा एक आवाज आला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यानं मान पुढे काढली आणि पोटात होतं नव्हतं ते व्हिटकोम्बबाईंच्या पांढऱ्या बुटांवर ओतलं.

बाईंनी खाली वाकून पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. त्या पसाऱ्यात लाल दोरा होता, आणि दोऱ्यात एक लाल-काळा मणी. चर्चबाहेर मेणबत्त्यांशेजारी विकतात तो. तान्ह्या मुलांच्या मनगटात बांधतात, उसोग होऊ नये म्हणून.

आन्सेल्मोनं रिंगबाहेर पाहिलं. नानाय एपांग पंख्यावरचं नक्षीकाम पहिल्यांदाच बघत असावी, इतक्या बारकाईनं बघत होती.

"हे असं वारंवार होतं का?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. पहिल्यांदाच."

"हं. आता त्याला बरं वाटत असावं."

खरंच वाटत होतं. बराकोनं अंग झाडलं. नाक वर केलं. आणि शेपटी, जी कालपासून मेली होती, ती कुणी बटण दाबल्यासारखी उसळून पाठीवर जाऊन पडली. खाली उतरून चालायला सांगितलं, तेव्हा तो चालला नाही, मिरवला. मनिलाची मादी दोनदा पाय अडखळून आपल्या मालकिणीकडे बघायला लागली. व्हिटकोम्बबाईंनी बूट बाजूला केला, बोट उचललं आणि बराकोकडे दाखवलं.

गौदिंगनं टाळ्या वाजवल्या. तोंडाला कुलूप लागल्यासारखा तो पाच मिनिटं खरोखरच गप्प होता.

परतताना आन्सेल्मोनं जीपमध्ये विषय काढला. "नानाय, तो दोरा कुणी बांधला होता?"

"मीच. शनिवारी पहाटे. तुझ्या त्या कागदाच्या गुंडाळीत खोचला. एवढ्या लोकांत नेणार होतास, काहीतरी नको का रक्षणाला?"

"म्हणजे त्यानं तो गिळला! दृष्टीनं नाही, दोऱ्यानं आजारी पडला तो!"

"दोरा कालपासून पोटात होता," नानाय शांतपणे म्हणाली. "डॉक्टरांनी दाबलं, निघाला नाही. अंगठा लागला आणि निघाला. विज्ञानवालीला विचार."

न्यायला आलेली विज्ञानवाली पुढच्या सीटवर खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती.

घरी पोचल्यावर आन्सेल्मोनं फीत बैठकीत टांगली, कागद टेबलावर मांडला. वळून बघतो, तर दोराय कात्री घेऊन उभी.

"अगं, जिंकला ना तो!"

"जिंकला. अभिनंदन."

"मग कात्री कशाला? नाही जिंकला तर, असं ठरलं होतं!"

"नाही जिंकला तर काय, ते मी सांगितलं होतं. जिंकला तर काय, ते तू विचारलंस कुठं? आता त्याला कुठल्या प्रदर्शनात न्यायचं राहिलंय?"

आन्सेल्मोनं कुंपणापलीकडे आधार शोधला. "गौदिंग, सांग रे हिला!"

गौदिंगचं तोंड एव्हाना उघडलं होतं. "खरंय तिचं, पारे. पदवी मिळाली की शित्झूवाले सगळेच कापतात. तुला माहीत नव्हतं? मी सांगितलं असतं, पण तू कधी विचारलंच नाहीस."

अर्ध्या तासात काम झालं. केसांखालून निघालेला कुत्रा उशीच्याही निम्मा होता. त्याला चार पाय असल्याचं त्यालाही नव्यानंच कळलेलं दिसलं. तो अंगणात सुसाट पळत सुटला आणि कोंबड्यांच्या अंगावर गेला.

आठवडाभरानं कुणाला काय मिळालं, ते सगळं गल्लीला दिसत होतं. एसी दोरायच्या खोलीत आला. गौदिंगला सुमानची गोष्ट मिळाली, जी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. व्हिटकोम्बबाईंना पिशवीभर सुमान मिळाले; नानायनं बुटांची भरपाई म्हणून हॉटेलवर पाठवले होते. आणि परदेशी परीक्षकाची थुंकी काढणारी बाई म्हणून नानायची अशी कीर्ती झाली की दुसऱ्या वाड्यांतून लोक तान्ही मुलं दाखवायला येऊ लागले. बराकोला तर सारं जग मिळालं होतं, मातीसकट.

किंमत एकट्या आन्सेल्मोनं भरली होती. रोज सहाला तो घरी येई, हात धुई, सवयीनं टेबलाशी बसे आणि कंगवा या हातातून त्या हातात करत राही. समोर टेबल रिकामं. आतून दोराय काहीतरी विचारी. आता उत्तर द्यायचं टाळायला निमित्तही नव्हतं.

सातव्या दिवशी नानाय एपांग बाहेर आली. तिनं त्याच्या हातातला कंगवा बघितला. मग स्टूल ओढलं, त्याच्याकडे पाठ करून बसली आणि अंबाड्यातल्या पिना एकेक करून काढल्या. एक्याऐंशी वर्षांचे पांढरे केस सरसरत कमरेखाली आले.

आन्सेल्मो बघतच राहिला.

"बघतोस काय? विंचर," ती म्हणाली. "कौतुक मात्र तोंडानं करू नकोस."

त्यानं काही न बोलता पहिली बट हातात घेतली. आतून दोरायनं दोनदा हाक मारली.

"त्याला बोलावू नकोस," नानाय ओरडली. "तो कामात आहे."