सहावा वाटा

आमच्या सोसायटीच्या गेटाशी बसणाऱ्या जनी कोळणीसमोर 'किलो' हा शब्द काढलात, की त्या दिवशी तुमच्या घरी वरणभात. "किलोनं रद्दी जाते गो! म्हावरं वाट्यानं जातं!" असं ती ओरडायची, की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडायच्या.

नव्यानं राहायला आलेल्या एक बाई घरून वजनकाटा घेऊन आल्या. जनी म्हणाली, "आधी तुजा नवरा जोख. मंग माजी मांदेली."

मग ती शब्दाच्या मुळाशी शिरायची. "वाटा म्हंजे काय, ठाव हाय? होडी लागली का वाळूत ढीग मांडायचे. एक होडीचा, एक जाल्याचा, नि होडीत बसला त्या हरेकाला एकेक. बसला नाय त्याला नाय! तवापासून वाटा." गिऱ्हाईक उन्हात उभं, हिचं प्रवचन चालू. मला तर पाठ झालं होतं, बरं का.

फळीवर सहा वाटे असायचे. पाच विकायची. सहावा, सगळ्यांत मोठ्या मांदेलींचा, कागदाखाली. हात लावला की ओल्या फडक्याचा फटका.

एकदा माझ्याकडे अचानक व्याही आले. पाचही वाटे संपलेले. मी सहाव्यावर हात टाकला. फटका बसलाच.

"कोणाचा गो एवढा?"

"बाल्याचा."

बाळ्या तिचा मुलगा. बापाशी भांडून होडी सोडली, सातिवलीच्या कारखान्यात लागला, तिथंच राहिला. आई रोज हा वाटा तळून डबा कारखान्याच्या फाटकाशी देऊन येते, हे मला तेव्हा कळलं.

पण मी कसली सोडतेय! "होडीत बसला नाही त्याला वाटा नाही. तूच सांगतेस ना?"

जनीनं सहाव्या वाट्यावरचा कागद नीट ओढला. मग म्हणाली, "जाल्याचा वाटा असतो ना? जालं त्याच्या हातचं हाय. जायच्या आदी त्यानंच विनलं."

घरी येऊन व्याह्यांना पिठलं वाढलं.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा रस्त्यात भेटला. "बाय, तुमी तरी सांगा तिला. नवं जालं आनून ठेवलंय, ही पान्यात टाकू देत नाय. जुनं रोज फाटतं, ही रोज शिवते."

गेटाशी गेले. जनीची बोटं पाहिली. नायलॉनच्या दोऱ्यानं जागोजाग चिरलेली.

"काय बघतेस गो?" ती खेकसली.

"काही नाही. मांदेली ताजी आहेत का, ते बघते."