मोरीतल्या मुंग्या

बागुल अण्णा कुणाकडेही गेले की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी विचारत, "तुमच्या मोरीत मुंग्या शेतस का?"

शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, त्यांनाही विचारलं, मोरीत मुंग्या आहेत का. मुलाची आई पोह्यांची बशी हातात धरून तशीच बसली. लग्न जमलं खरं, पण मांडवात त्या बाई अण्णांपासून चार हात लांबच होत्या.

सटाण्याच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर अण्णा आमच्या सातपूरच्या कॉलनीत एकटेच राहायला आले. साल पंच्याण्णव-शहाण्णव असेल. बोलणं आमच्यासारखंच, पण मुंग्यांचा विषय निघाला की मध्येच अहिराणी. तेव्हा मुंग्यांचा खडू नवा नवा घरोघरी आला होता. आमच्या हिनं ओट्याभोवती झोकात रेघ ओढली आणि अण्णांनी ती ओल्या फडक्यानं पुसून टाकली.

"वाट कसाले मोडी टाकी, वहिनी?"

त्या दिवशी हिनं अण्णांना चहा दिला नाही. मला मात्र त्यांनी दंडाला धरून अंगणात उकिडवं बसवलं. मेलेल्या पतंगाचा एक पंख शिडासारखा उभा धरून पाच-सहा मुंग्या निघाल्या होत्या. वारा आला की पंख कलंडायचा. त्या थांबायच्या, पुन्हा उभा करायच्या. भिंतीपाशी पोचायला त्यांना अर्धा तास लागला आणि मी अर्धा तास जागचा हललो नाही. गुडघे पार आखडले. पन्नाशी गाठली होती मी, पण मुंगी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

चारेक वर्षांनी एका सकाळी अण्णांनी नेहमीचा प्रश्न टाकला आणि मी म्हणालो, "आहेत की! आठवडाभर नुसती रांग लागलीय. फिनेल ओतून ओतून कंटाळलो."

अण्णांनी कप खाली ठेवला. "ती मोरी कोण वापरतं?"

"मीच. हल्ली सारखं लघवीला जावं लागतं."

"उद्या काही खाऊ नका. रक्त तपासायचं."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी सात वाजता अण्णा रिक्षा घेऊन दारात हजर! रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "साखर बरीच आहे. वेळेवर आलात. कुणी पाठवलं?" मुंग्यांनी, असं सांगायची मला लाज वाटली.

संध्याकाळी आभार मानायला अण्णांकडे गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या स्वयंपाकघरात मी प्रथमच पाऊल टाकलं. भिंतीवर त्यांनीच काढलेलं एका बाईंचं चित्र होतं.

"मंडळी," अण्णा म्हणाले. मग त्यांनी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. "हिच्या वेळी मोरीत दोन महिने मुंग्या येत होत्या. मी रोज बादलीभर पाणी ओतायचो. घर स्वच्छ पाहिजे ना! हिची साखर कळली तेव्हा फार उशीर झाला होता. त्या बिचाऱ्या सांगत होत्या हो, आणि मी त्यांना बुडवत होतो."

दारोदार हसं करून घेत हा माणूस इतकी वर्षं काय विचारत होता, ते आत्ता कळलं.

अण्णांनी चहा गाळला. सवयीनं माझ्या कपाकडे साखरेचा चमचा नेला आणि मध्येच थांबले. उंबऱ्यापाशी वाकून त्यांनी तो चमचा तिथे रिकामा केला.

"घ्या बायांनो," ते म्हणाले, "यांच्या वाट्याची."