नंबरकाकांच्या पाच वाट्या

दुपारी दोन वाजता नंबरकाका स्वयंपाकघरात पाच पातेल्यांसमोर उभे होते आणि त्यांनी अजून एकाही पातेल्याखालचा गॅस पेटवला नव्हता. पहिल्यात ताजे टोमॅटो होते. दुसऱ्यात सालं काळी होईपर्यंत भाजून सोललेले. तिसऱ्यात डब्यातली प्युरी, चौथ्यात चमचा उभा राहील इतकी दाट पेस्ट, आणि पाचव्यात, जरा लाजतच, बाजारचं केचप. खिडकीतून आलेलं ऊन पाचही पातेल्यांत उतरलं होतं, आणि काका त्या पाच लाल रंगांकडे बघत कुठल्या कुठे पोचले होते.

काकांचं चष्म्याचं दुकान होतं. तीस वर्षं ते लोकांचे डोळे तपासत होते, म्हणून सगळे त्यांना नंबरकाका म्हणत. डोळ्यांपुढे एक काच धरायची, मग दुसरी धरायची आणि विचारायचं, "हे बरं की ते बरं?" दिवसभर दुसऱ्यांना निवड करायला लावणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र पायमोज्यांचा रंगही ठरवता येत नसे.

आज ठरवणं भाग होतं. उद्या सकाळी त्यांची लेक चिमणी नोकरीसाठी तीन वर्षं परदेशी जाणार होती. निघायच्या आधी काय खावंसं वाटतं, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "बाबा, मी दहा वर्षांची असताना तुम्ही गच्चीवर कोळशाची शेगडी लावली होती ना, तेव्हाचा तो बार्बेक्यू सॉस करा. अगदी तोच." बस, एवढंच मागितलं होतं पोरीनं.

काकांना ती संध्याकाळ लख्ख आठवत होती. चिमणीचं कानापर्यंत माखलेलं तोंड आठवत होतं, तिच्या फ्रॉकवरची बटणंसुद्धा आठवत होती. सॉसमध्ये टोमॅटो कुठला घातला होता, ते तेवढं आठवत नव्हतं.

शेजारच्या खोलीत काकू कापड बेतत होत्या. त्या कटिंगचे क्लास घेत. एकदा खडूची रेघ मारली की कात्री चालवायची, मागे बघायचं नाही, हा त्यांचा खाक्या.

"अगं, तेव्हा ताजे टोमॅटो होते की डब्यातले?" काकांनी दारातून विचारलं.

"हं," काकू म्हणाल्या. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.

"हं म्हणजे कुठले?"

"हं!"

या बाईचं लक्षच नसतं, असं मनाशी म्हणत काका परत फिरले. शेवटी त्यांनी आपल्या धंद्याचा आधार घ्यायचं ठरवलं. पाचही सॉस करायचे आणि डोळे तपासतात तशी जिभेची तपासणी घ्यायची.

मग स्वयंपाकघरात वाफ दाटली. प्रत्येक पातेल्यात तोच कांदा, तोच लसूण, तेच व्हिनेगर आणि काळसर होईपर्यंत जाळलेली साखर पडली. साखरेमुळे पाचही सॉस एकसारखे तपकिरी झाले. काका ढवळत होते आणि बुडबुड्यांकडे बघता बघता चिमणी पुन्हा दहा वर्षांची होत होती. दोनदा सॉस तळाला लागला, तेव्हा ती पुन्हा मोठी झाली.

चार वाजता पाच स्टीलच्या वाट्या मांडल्या गेल्या. नंबर मात्र काकांनी वाट्यांच्या बुडाला लिहिले, कारण पेशंटला नंबर दिसला की तो डोळ्यानं बघत नाही, नंबराकडे बघून उत्तर देतो, हा त्यांचा अनुभव. स्वतःवरही त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून तपासणीची जड गोल फ्रेम नाकावर चढवून, तिच्यात दोन काळ्या चकत्या बसवून, त्यांनी आंधळेपणानं वाट्यांची अदलाबदल केली. आता कुठल्या वाटीत काय आहे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

पहिल्या पेशंट सासूबाई.

"आई, हे बरं की ते बरं?"

"दोन्ही छान आहेत हो."

"तसं नाही. एक सांगा."

"तुम्हाला कुठलं आवडलं? मलापण तेच," सासूबाई म्हणाल्या. जावयाचं मन त्यांनी आजवर कधी मोडलं नव्हतं.

काका तळमजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांना घेऊन आले. निदान तो माणूस तरी निःपक्षपाती होता. न्यायाधीशांनी पाचही वाट्या चाखल्या आणि डोळे मिटले.

"साहेब, हे बरं की ते?"

"निकाल राखून ठेवतो. पाव आहे का?"

पाव आला. पावाबरोबर फेरसुनावणी झाली. तिसऱ्या फेरीत सासूबाई चक्क न्यायाधीशांना म्हणाल्या, "त्या कडेच्या वाटीत काहीतरी आहे बरं का." न्यायाधीशांनी कडेची वाटी पुन्हा चाखली आणि मान डोलावली. "सहमत. हाच."

काकांनी घास घेतला. जिभेवर खरंच काहीतरी ओळखीचं हललं. त्यांना इतका आनंद झाला की अजून अर्धीअधिक भरलेली ती वाटी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, डोक्यावर धरली आणि बुडाचा नंबर वाचायला मान वर केली.

काकांचा चष्मा दोन भागांचा. जवळचं वाचायचा भाग काचेच्या खालच्या अर्ध्यात असतो, हे त्यांनी हजारो लोकांना समजावून सांगितलं होतं. डोक्यावरचं त्या भागातून वाचायचं तर मान मोडायला हवी, नाहीतर वाटी तिरकी करायला हवी. काकांनी वाटी तिरकी केली.

"आई गं!" सासूबाई ओरडल्या.

सॉस कपाळावरून चष्म्यावर, चष्म्यावरून मिशीवर आणि तिथून शर्टावर रीतसर उतरला. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "नंबर काय होता?"

काकांनी चाचपडत चष्मा पुसला. वाटीच्या बुडाला शाईचा एक निळा डाग होता. ओल्या ओट्यावर घासून नंबर केव्हाच पुसला गेला होता.

"बाकीच्या चार बघा ना! जो नसेल तो हाच!" काका म्हणाले. सासूबाईंनी घाईघाईनं बाकीच्या वाट्या रिकाम्या केल्या. चार वाट्या, चार निळे डाग.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. चिमणी आली होती. काका ओट्याला टेकून उभे राहिले. तीन वर्षांसाठी जाणाऱ्या लेकीची एक साधी मागणी, तीही आपल्याला पुरी करता आली नाही, या विचारानं त्यांना खरोखर रडू येत होतं. सॉसमुळे ते कुणाला कळलं नाही.

आवाज ऐकून काकू आल्या. त्यांनी काकांकडे एकदा पाहिलं, टाचण्या तोंडातून काढल्या आणि मोठं पातेलं खाली घेतलं. पाचही पातेल्यांतला उरलेला सॉस त्यांनी एकापाठोपाठ एक त्यात ओतला.

"अगं, काय करतेस? सगळी तपासणी वाया!"

"तोंड धुवा. आणि शेगडी पेटवा."

तासाभरानं गच्चीवर कोळसे फुलले. भाजलेल्या कोंबडीवर चिमणीनं सॉस ओतला, पहिला घास घेतला आणि ती थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "हाच तो! कसं काय आठवलं तुम्हाला?"

काका काकूंकडे वळले. काकूच म्हणाल्या, "त्यांना काय आठवणार! तेव्हाही ठरत नव्हतं. पाच पातेली मांडून आणखी टोमॅटो आणायला गेले होते. कोळसे विझायला आले, म्हणून मी सगळं एकत्र केलं. दुपारी विचारलंत, ताजे की डब्यातले. हं म्हणजे हो, सगळेच, असं म्हणत होते ना मी!"

"मग चौदा वर्षं सांगितलं का नाहीस?"

"पोर तुमचं कौतुक करत होती. मध्ये कशाला बोलू?"

चिमणी हसत हसत फोनवर कृती लिहून घेऊ लागली. पाच प्रकारचे टोमॅटो, पाच पातेली, तीन तास घोळ. "आणि शेवटी आई," तिनं लिहिलं, आणि तिथेच जरा वेळ थांबली.

सकाळी टॅक्सी यायच्या आधी काका पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. पुढ्यात सॉसनं भरलेल्या दोन बाटल्या, एक मोठी, एक लहान. त्या मोठी उचलत, ठेवत, लहान उचलत. ऊन कालच्यासारखंच आत आलं होतं.

"अहो," त्यांनी मागे न बघताच विचारलं, "ही बरी की ती?"

काका बघत राहिले. ज्या बाईची कात्री कधी अडली नाही, ती दोन बाटल्यांपाशी अडली होती. दुकानात एखादा पेशंट सारखा "कळत नाही, कळत नाही" म्हणायला लागला की काका काचा बाजूला ठेवत आणि त्याला रुमाल देत. डोळे भरून आले की कुठल्याच नंबरानं दिसत नाही.

त्यांनी खिशातला रुमाल काकूंच्या हातात दिला. मग आयुष्यात पहिल्यांदाच क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "दोन्ही," आणि बाटल्या घेऊन चिमणीच्या बॅगेत ठेवायला गेले.