केसांची केस

गार्डमामांनी माझ्या मिशीचा केस उपटला तेव्हा मी एका गिऱ्हाईकाचं आधार कार्ड लॅमिनेट करत होतो. आधी विचारलं नाही, नंतर सॉरीही म्हटलं नाही. केस माझ्याच पाण्याच्या ग्लासात टाकून बोटाने खाली दाबला, चष्मा कपाळावर चढवून तो वर येतो का ते पाहिलं आणि "बुडाला, पंचांसमक्ष!" असं जाहीर करून चालते झाले. गिऱ्हाईकाने घाबरत विचारलं, "डॉक्टर हायत काय?"

"नाही," मी म्हटलं, "माश्या बांधतात."

चारोटीला माझं झेरॉक्सचं दुकान आणि गंजाडला आमचं घर मामांच्या घराला लागून, त्यामुळे सुटका नाही. मामा वनखात्यात गार्ड होते. नोकरी संपली, पंचनाम्याची भाषा तोंडातून गेली नाही. मामी वारल्यापासून स्वयंपाक स्वतः करतात, आणि कुंपणावरून ओरडून मला कळवतात, "सदर भात करपलेल्या अवस्थेत मिळून आला!" मग आमच्याकडून एक ताट तिकडे जातं.

निवृत्त माणसं माश्या मारत बसतात, मामा माश्या बांधायला लागले. हे खूळ मोबाइलमधून आलं. त्यात एक गोरा साहेब गळाला केस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतो. ती पाण्यावर तरंगली की मासा खरी समजून झडप घालतो. साहेबाकडे हिरवे, पिवळे, केशरी रंगवलेले हरणाचे केस असतात. हरणाचा केस आतून पोकळ, म्हणून बुडत नाही. हा व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मामा उभेच राहिले.

"शेठ, या माणसावर केस झाली पाहिजे."

"मामा, तो परदेशात आहे."

"हद्द बघावी लागेल," मामा म्हणाले आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

आपल्याकडे हरणाचा केस बाळगणं गुन्हा, हे मामांना कोण सांगणार? म्हणून त्यांनी पर्याय शोधायला घेतले. उधव्याच्या बाजारातून बोकडाचे केस आणले, म्हशीच्या शेपटीचे आणले, न्हाव्याच्या दुकानातून सुपलीभर माणसांचे आणले. कुत्री तर त्यांना पाहून रस्ता बदलायला लागली. रंगाला हळद, मेंदी आणि एकदा माझ्या प्रिंटरची निळी शाई. आठवडाभर त्यांचे दोन्ही हात निळे होते आणि ताट देताना आमची मंडळी त्या हातांकडे बघायची नाहीत. एवढं करून प्रत्येक माशी बुडालीच.

रोज सकाळी मामा सूर्या नदीवर जाऊन बसत. शेजारी लखमा. लखमा गांडूळ लावून तासाभरात चार मासे काढी, मामांना शेवाळ मिळे. या लखमालाच मामांनी नोकरीच्या सुरुवातीला भेकराच्या, म्हणजे छोट्या हरणाच्या, कातड्यासह पकडलं होतं. तो तुरुंगात जाऊन आला. हे साऱ्या गंजाडला ठाऊक होतं, आणि दोघं शेजारी बसून काय बोलतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी एकदा ऐकलं. काहीच बोलत नव्हते.

एका रविवारी मीही नदीवर होतो. लखमाने कनवटीला खोचलेली कागदाची पुडी काढून मामांसमोर धरली. आत केशरी केसांचा झुबका.

"घ्या. भेकराचा हाय. पळसाच्या फुलांत उकाळलाय. बुडायचा नाय."

मामांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "कुठून आणलंस?"

"तवाचाच. तुमाला चार तुकडं सापडलं. पाचवा मी बसाय ठेवलेला. कातडा कसरीन खाल्ला, केस ऱ्हायला."

"माझ्या झडतीत पाचवा तुकडा राहिला?" मामा ओरडले. गुन्ह्यापेक्षा हेच त्यांना जास्त लागलं असावं. मग पुडी खिशात घालून ते तडक उठले. लखमा हात तसाच पुढे धरून बसून राहिला. एवढ्या प्रेमाने आणलेल्या वस्तूची ही गत पाहून मला मामांचा सणसणीत राग आला.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात हजर. खाकी शर्ट, हातात पंचनामा. "तीन प्रती काढ. आणि पंच म्हणून सही कर."

"नाही करणार," मी म्हटलं. "मामा, या वयात त्याला पुन्हा आत पाठवणार? तुमच्याशिवाय त्याला कोण आहे? आणि त्याच्याशिवाय तुम्हाला तरी कोण आहे?"

"आधी वाच."

मी वाचलं. सदर केस आरोपीच्या शर्टाच्या डाव्या खिशात मिळून आले. आरोपीचं नाव मामांचं स्वतःचं होतं.

"ज्याच्या ताब्यात माल, तो आरोपी," मामा म्हणाले. "माल माझ्या ताब्यात आहे."

मी सही केली आणि त्यांना बाइकवर बसवून वन कार्यालयात नेलं. तिथला तरुण साहेब भला. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, केस जमा करून घेतले आणि काका, घरी जा म्हणाला. मामा बाहेर येऊन चिडले. "आरोपी कबूल, मुद्देमाल हजर, आणि केस नाही! खातं बुडालं, पंचांसमक्ष."

गंजाडच्या वळणावर मात्र ते मागून म्हणाले, "मी त्याला पकडून नेलं तेव्हा त्याच्या बायकोला, सोमीला, दिवस गेलेले होते. बाळंतपणात गेली. हा आत होता."

मी गाडी हळू केली.

"मला कधी एका शब्दाने बोलला नाही रे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एक दिवस बोलेल, तेव्हा मी शेजारी पाहिजे. पण नुसता जाऊन बसलो असतो तर म्हणाला असता, गार्ड अजून पाळत ठेवतोय. म्हणून हातात काहीतरी हवं होतं." मग म्हणाले, "मासे मी खात नाही."

घरी पोहोचलो तर ओट्यावर लखमा बसलेला. बरोबर कपड्यांची पिशवी. आत जायच्या तयारीनेच आला होता.

"गार्ड, माझा नाव लिवला?"

"नाही," मामा खेकसले. "तू लखमा की लक्ष्मण, मला नक्की माहीत नाही. नाव चुकलं की केस टिकत नाही."

लखमा पिशवीचे बंद सोडत, बांधत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "सोमी गेली तवा मी आत होतो, गार्ड."

मामा खाकी शर्टासकट त्याच्या शेजारी ओट्यावर बसले.

"बोल," म्हणाले.