बारकीची मुलाखत आणि भोंग्याचं मौन

बसस्थानकावरच्या अनाउन्सरने घरात शांतता राखायची जबाबदारी आपणहून अंगावर घेतली, आणि तिथून सगळं बिनसायला सुरुवात झाली.

तसं कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. उलट त्यांची बायको, जी इस्पितळात नर्स होती, सकाळी ड्यूटीला निघताना बजावून गेली होती, "अहो, आज तुम्ही काही म्हणजे काही करू नका. नुसते बसा." पण नुसतं बसणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. सगळी उमर मायक्रोफोनसमोर गाड्या पुकारण्यात गेलेली. त्यांनी स्वयंपाकघरात मीठ मागितलं की वरच्या मजल्यावरच्या बाईचा हात आपसूक मिठाच्या बरणीकडे जायचा. इमारतीतले लोक त्यांना तोंडावर अण्णा म्हणत आणि पाठीमागे भोंगा. (हे पाठीमागचं त्यांना ठाऊक होतं. आवाज मोठा असला तरी कान शाबूत होते.)

त्या शनिवारी मुलाखत होती ती बारकीची. बारकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. नववीत होती, अंगाने एवढीशी, म्हणून बारकी. पण गणित हातात घेतलं की ही पोर अशी काही सुटायची, की शाळेतल्या गणिताच्या बाई, बरोबर आहे ना, म्हणून तिच्याकडे बघूनच फळा पुसत. कितीतरी शाळांमधली हुशार मुलं बसलेल्या स्पर्धेच्या दोन्ही लेखी फेऱ्या तिने पार केल्या होत्या. आता शेवटची तोंडी फेरी, तीही घरूनच, कॉम्प्युटरवर. त्यात निवड झाली की सुट्टीभर विद्यापीठात राहून खऱ्याखुऱ्या प्राध्यापकांकडे गणित शिकायला मिळणार होतं.

अण्णांचं स्वतःचं गणित फलाट क्रमांकापाशी संपायचं. त्यामुळे हे रत्न आपल्याच घरात कसं निपजलं याचं नवल आणि अभिमान त्यांच्या पोटात मावत नव्हता. पण बारकीने तंबी दिली होती, "बाबा, निकाल लागेपर्यंत कुणाला एक अक्षर बोलायचं नाही." ज्या माणसाला बोलण्याचाच पगार मिळतो, त्याला ही शिक्षा! एकदा तर ड्यूटीवर असताना ते "गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक चारवर येत आहे, आणि माझी मुलगी" इथपर्यंत गेले आणि मोठ्याने खोकले. सगळं स्थानक कान टवकारून उभं राहिलं. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे प्रवाशांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तर शनिवारी बारकी आतल्या खोलीत टेबलाशी बसली, दार लोटून घेतलं. बाहेरच्या खोलीत अण्णा उभे. मुलाखतीच्या ऐन भरात कुणी बेल वाजवली तर? त्यांनी स्टुलावर चढून बेलची वायर उपटली. इथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण बेल गप्प झाल्यावर त्यांना घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. घड्याळ गादीखाली गेलं. मग फ्रीजची घरघर. फ्रीज बंद. स्वतःचा फोन बंद. एवढं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घरातली सगळ्यात मोठा आवाज करणारी वस्तू अजून चालूच आहे. त्यांनी स्वतःवर मौन लादलं. आणि शेवटी एका कागदावर, हाताला सवय होती त्या भाषेत, लिहून दाराबाहेर चिकटवलं :

'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, या घरात आज कोणीही मोठ्याने बोलू नये. बेल वाजवू नये. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.'

कारण लिहिलं नाही. लेकीला शब्द दिला होता ना!

समोरच्या काकू भाजी घेऊन जिना चढून आल्या, त्यांनी कागद वाचला आणि त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली. त्यांनी बेल दाबून पाहिली. वाजली नाही. फोन लावला. लागला नाही. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या सुताराला गाठलं.

"आज सकाळपासून अण्णांचा आवाज ऐकलात?"

सुताराने विचार केला. "नाही हो. तरीच म्हटलं आज मला झोप कशी लागली."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकूंनी डोळ्याला पदर लावला.

"काल तर ठणठणीत होते. जिन्यात भेटले, 'काय काकू' म्हणाले, माझ्या कानात अजून घुमतंय."

थोड्याच वेळात सगळी इमारत जिन्यात जमली. कागदावर लिहिलं होतं म्हणून सगळे कुजबुजत होते, आणि सगळे कुजबुजत होते म्हणून प्रत्येक नव्या माणसाची खात्री पटत होती. कुणीतरी इस्पितळात फोन लावला.

"वहिनी, धीर धरा. अण्णा गेले."

"गेले? कुठे गेले? मी त्यांना बसायला सांगून आलेय!"

इकडे अण्णांना दाराबाहेर पावलं वाजल्यासारखी वाटली. त्यांनी दाराच्या भोकातून पाहिलं, तर अख्खी इमारत उभी! सगळ्यांचे चेहरे गंभीर, डोळे ओले. अण्णांच्या मनात लख्ख प्रकाश पडला. बारकीची बातमी फुटली होती तर! आणि केवढी ही माणसं, पोरीच्या कौतुकाला आली आणि तिला त्रास नको म्हणून हूं की चूं करत नाहीत! दारामागून त्यांनी सगळ्यांना हात जोडले. (ते दिसायचा प्रश्नच नव्हता.) मग कुणीतरी दारावर हलकेच टिचकी मारली, तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवून "श्श्श" केलं.

"ऐकलंत?" काकू म्हणाल्या. "श्वास! अजून चालू आहे!"

"सरका," सुतार म्हणाला. त्याने हातोडी घेतली, कागदाकडे पाहिलं, हातोडी खाली ठेवली आणि पत्र्याची पातळ पट्टी कुलपाच्या फटीत सरकवली. कुलूप उघडलं, मागून लोकांचा रेटा आला, आणि दार जे आत गेलं ते थेट अण्णांच्या नाकावर.

सकाळपासून साठवलेला सगळा आवाज एकदम बाहेर पडला.

"आई गंऽऽ!"

"जिवंत आहेत!" काकू किंचाळल्या, आणि इमारत आत घुसली. अण्णा जमिनीवर पडल्या पडल्या हातवारे करत होते, "गप्प! गप्प बसा!" असं सांगत होते. लोकांना वाटलं झटका आलाय. चौघांनी हातपाय धरून त्यांना उचललं. आता आजारी माणसाला न्यायचं कुठे? पलंगावर. आणि पलंग होता आतल्या खोलीत, बारकीच्या बरोब्बर मागे.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चष्मेवाल्या प्राध्यापिका आणि एक टक्कलवाले सर होते. सरांनी नुकताच प्रश्न विचारला होता, "सगळ्या गोष्टी खऱ्या असूनही त्यांवरून खोटा निष्कर्ष निघतो, असं एखादं उदाहरण सांगशील?" आणि बारकी विचार करत होती, तेवढ्यात तिच्या मागून ही वरात निघाली.

"बाळ," प्राध्यापिका सावकाश म्हणाल्या, "तुझ्या मागे काय चाललंय?"

बारकीने मागे वळून पाहिलं. पलंगावर नाक धरलेले बाबा. त्यांना वारा घालणारे सुतारकाका. रडणाऱ्या काकू, हातात दारावरून फाडलेला कागद. तिने काकूंच्या हातातून कागद घेतला, वाचला, दोन वाक्यांत त्यांना काहीतरी विचारलं आणि पुन्हा खुर्चीत बसली.

"सर, उदाहरण आलंय."

आणि मग त्या चिमुरडीने असं काही समजावलं! बेल वाजत नव्हती, हे खरं. फोन लागत नव्हता, खरं. बाबांचा आवाज आला नाही, हे तर इमारतीच्या इतिहासात प्रथमच, पण खरं. माणूस गेला असता तर त्याचा आवाज बंद झालाच असता. पण आवाज बंद झाला म्हणून माणूस गेला, असं होत नाही. काकूंनी 'गेला म्हणून गप्प' हा बाण उलटा, 'गप्प म्हणून गेला' असा वाचला.

"आणि हे चूक आहे, हे सिद्ध कसं करशील?" सरांनी हसू दाबत विचारलं.

"एक प्रतिउदाहरण पुरतं, सर. ते पलंगावर आहे. नाक चोळतंय."

पडद्यावरचे दोघंही खो खो हसले. पण नंतर प्राध्यापिकांनी पुढचा प्रश्न घातला, मग त्याच्या पुढचा, आणि बारकी एकेक उत्तर देत गेली. खोलीत सगळी इमारत श्वास रोखून उभी होती. कुणाला ओ की ठो कळत नव्हतं, पण उत्तर आलं की सुतार आपल्याशीच मान डोलवायचा. अण्णा पलंगावर पडून, एका हाताने नाक आणि दुसऱ्या हाताने तोंड दाबून, लेकीच्या इवल्याशा पाठीकडे बघत होते. नाक दुखत होतं म्हणून डोळ्यांत पाणी येतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली.

मुलाखत संपता संपता बायको ॲम्ब्युलन्स घेऊन हजर झाली. नवरा जिवंत आहे हे बघून तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग त्याला असं काही धारेवर धरलं, की ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरलाच दया आली. "बाई," तो म्हणाला, "घेऊन जाऊ का यांना, थोडा वेळ?"

पुढच्या आठवड्यात निकाल लागला. बारकीची निवड झाली, आणि इमारतीला ती बातमी वेगळी सांगावी लागली नाही. अण्णांनी गॅलरीत उभं राहून ती एकदाच पुकारली.

शिबिराच्या पहिल्या दिवशी ते तिला पोचवायला गेले. इस्त्रीचा सदरा, नवे बूट. विद्यापीठाच्या व्हरांड्यात बारकीएवढीच मुलं घोळक्याने उभी होती आणि एकमेकांना कोडी घालत होती. बारकी बॅग खाली ठेवून त्यांच्यात मिसळलीसुद्धा. अण्णांनी वाटेत पाठ केलेले उपदेशाचे चार शब्द सांगायचे राहूनच गेले. पण त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. आपली पोर आपल्या माणसांत पोचली, असं मात्र वाटलं, आणि ताठ उभे राहून ते बघत राहिले.

तेवढ्यात त्या चष्मेवाल्या प्राध्यापिका आल्या. त्यांनी अण्णांच्या नाकाकडे आधी पाहिलं, मग ओळखीचं हसल्या.

"तुमची मुलगी फार गुणी आहे हो."

अण्णांची छाती सदऱ्याच्या गुंड्यांना जड झाली. "आमच्याकडून काहीही मदत लागली तर सांगा, मॅडम. अगदी काहीही!"

व्हरांड्यातली सगळी मुलं वळून बघायला लागली. प्राध्यापिकांनी हळूच कानावरचा हात खाली घेतला.

"एक होती खरी. आता मुलांची चाचणी आहे, तेव्हा इथे पूर्ण शांतता हवीय."

"बस्स एवढंच?" अण्णांनी बाह्या सरसावल्या. "कामाला लागू?"

"लागा की," प्राध्यापिका म्हणाल्या. "परतीची बस बाहेरच उभी आहे."