काट्याले नातं नसते

किसनकाका माणूस भेटला की आधी त्याचं वजन सांगत आणि मग नमस्कार करत.

मी लग्न होऊन यवतमाळहून दिग्रसला आले, तेव्हा माप ओलांडायच्या आधी माझं माप निघालं. शेजारच्या ओट्यावरून एक उंच, वाळका म्हातारा माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होता. आमच्या ह्यांना म्हणाला, "पन्नासले कमी आहे, बापू. दागिने धरून." मांडवातल्या सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी मनात म्हटलं, मर मेल्या. नव्या नवरीला असं बोलतात होय! नंतर कळलं की मला स्वस्तात सोडलं होतं. माझ्या मोठ्या नणंदेला त्यांनी तिच्या लग्नात "नेणाऱ्यानं बैलबंडी आणली का?" असं विचारलं होतं.

किसनकाका आमच्या गल्लीच्या टोकाला कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं, तिथं मापारी होते. शेतकऱ्याचा कापूस आला की तो काट्यावर चढवायचा, वजन मोठ्यानं पुकारायचं, एवढंच काम. पण ते पुकारणं ऐकावं! दोन गल्ल्या पलीकडे भाजी चिरणाऱ्या बाईचा हात थांबायचा. आणि एकदा पुकारलं की संपलं. जिनिंगच्या शेठच्या साळ्यानं एकदा पाणी मारून कापूस आणला. काकांनी बोजा उचलून पाहिला न पाहिला आणि खाली ठेवला. "वाळवून आणा," म्हणाले. साळा म्हणाला, "मी कोण आहे मालूम आहे का?" काका म्हणाले, "मले मालूम आहे. पण काट्याले नातं नसते."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. सख्ख्या भावाच्या कापसालाही त्यांनी काटा तसूभर झुकू दिला नाही. तो भाऊ पुढं कित्येक वर्षं पोळ्याला त्यांच्याकडे पुरणपोळी खायला आला नाही. काकांनी पुरणपोळी एकट्यानं खाल्ली. बायको कधीच गेलेली होती, एक मुलगी होती ती लग्न होऊन दूर. घरात ते आणि एक मांजर. मांजराचंही वजन त्यांना ठाऊक होतं.

बाजारात त्यांच्यासोबत जायची सोय नव्हती. भाजीवाली तागडी उचलायच्या आत हे वांगी हातात घेऊन "पावाले कमी आहे, बाई" म्हणायचे, आणि निघायचीही कमी. शेजारच्या तात्यांना खांदा देताना स्मशानाच्या वाटेवर हळूच म्हणाले, "अक्षय तृतीयेपासून लयच उतरले होते बिचारे." लोकांना रडावं की हसावं कळेना.

आता दसऱ्याची गोष्ट सांगते, कारण खरी गंमत तिथं होती. दसऱ्याला जिनिंगमध्ये काटापूजन असायचं. मधे जाड लोखंडी दांडी, दोन्ही बाजूंना साखळ्यांवर टांगलेली माणूस बसेल एवढी पारडी, असा तो जुना काटा. त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. मग पहिला कापूस चढायचा. पूर्वी त्या दिवशी कापसाच्या बंड्यांची रांग पार बसस्टँडपर्यंत लागायची म्हणे. मी आले तोवर कापसाचे दिवस फिरले होते. एका वर्षी बोंडअळी, एका वर्षी भाव नाही, एका वर्षी पाऊसच नाही. लोक सोयाबीनकडे वळले. फाटकासमोर चार-दोन बंड्या उभ्या राहायच्या आणि अकरा वाजता काटा रिकामा व्हायचा.

अशाच एका रिकाम्या काट्याच्या पारड्यात गल्लीतलं कुणाचं तरी पोट्टं चढून बसलं. हुसकावायचं सोडून काकांनी दुसऱ्या पारड्यात मापं टाकली आणि कापसाच्या बोजासारखं त्याचं वजन पुकारलं. झालं! पुढच्या वर्षीपासून दसऱ्याला नारळ फुटला की आख्ख्या गल्लीची लेकरं रांगेत. कापूस कमी होत गेला आणि पोट्टे वाढत गेले. लेकरं त्यांना काटेआजोबाच म्हणत.

त्या वजनाचं बायांना केवढं! डॉक्टर काय म्हणतो ते गेलं चुलीत, किसनकाकानं काय पुकारलं ते खरं. आठ दिवस आधीपासून घराघरात शिरा, केळी, तूपभात सुरू. एकीनं तर निघताना लेकाला दोन तांबे पाणी पाजलं. काकांनी त्याला उचललं, जरा हलवलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाणी मारलेला माल आहे. मुतवून आणा, मंग चढवा."

त्यांची पद्धत ठरलेली. आधी चपला काढायच्या. मग खिसे. गोट्या, भोवरा, चिंचोके, कुणाची अर्धी चिक्की, सगळं बाहेर. "काट्यावर नुसतं पोट्टं पाह्यजे." मग "आधी हात, मग काटा." म्हणजे लेकराला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरायचं, डोळे मिटायचे, अंदाज सांगायचा, आणि मगच पारड्यात बसवायचं. अंदाज कधी चुकला नाही. आमची थोरली पल्लवी गुटगुटीत, तिच्या वेळेला म्हणायचे, "ही सरकी धरून आहे." ती फुगून बसायची.

घोडं अडलं ते आमच्या धाकट्याच्या पायी. त्याचं नाव आम्ही हौसेनं गोट्या ठेवलं आणि तो निघाला काडी. त्यात त्या वर्षी उन्हाळ्यात त्याला गोवर आला आणि पोरगं निम्मं झालं. खाणं म्हणजे युद्ध. एक घास चिऊचा, एक घास काऊचा, आणि ते दोघं खरंच येऊन खाऊन जायचे, हा तोंड मिटून बसलेला. आमचे हे तहसीलमधून येताना पिशवीत कांद्याखाली लपवून अंडी आणत. गोट्या ती मांजराला देई. काकांचं ते मांजर कशानं माजलं होतं हे मला उशिरा कळलं.

सासूबाई राळेगावकडच्या आमच्या खेड्यात राहायच्या. दसऱ्याच्या तीन दिवस आधी आल्या, नातवाला बघितलं आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "माय वो! पोट्ट्याच्या बरगड्या मोजून घ्या कोणी!" बाई वाईट नव्हत्या. नातवावर जीव होता. पण माझ्या हाताला गुण नाही हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. जेवताना त्यांनी निकाल दिला. "किसनभाऊचा काटा पाहू. मागच्या दसऱ्यापेक्षा भरला असन तं राहू दे. नाही तं दसरा झाला की मी त्याले गावाले घेऊन जातो. घरी म्हैस आहे. हा दोन वर्षं तिथं राहीन, चांगला टणक होईन."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे वरणात काहीतरी शोधत होते. "आई म्हणते तर..." एवढंच म्हणाले. त्या रागात मी भाकरी अशी थापली की पल्लवी विचारते, आई, भाकरीनं काय केलं?

माझं लेकरू चार वर्षांचं. झोपताना माझ्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय त्याला झोप नाही. ते दोन वर्षं तिकडे? मागच्या दसऱ्याला साडेबारा पुकारला होता आणि यंदा साडेबाराच असणार, फार तर. मला उचलून कळत होतं. आई होते मी, मापारी नसले तरी.

शेवटी दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्यात कढीगोळे घेऊन मी किसनकाकांच्या ओट्यावर गेले आणि लाज सोडून बोलले. "काका, उद्या गोट्याच्या वेळेला जरासं... एवढं अर्धा किलो..." त्यांनी डबा बाजूला सरकवला.

"सूनबाई, हे काम किसन मापाऱ्यानं शेठसाठी केलं नाही. भावासाठी केलं नाही."

"त्याला घेऊन जातील हो."

"कुठं?"

"राळेगावला. दोन वर्षं. भरला की आणून देते म्हणतात."

त्यांनी मांजराच्या पाठीवरून हात फिरवला. मग तेच. "काट्याले नातं नसते, सूनबाई. मले असं पुन्हा सांगू नका." मी डबा उचलला आणि तणतणत घरी आले. म्हाताऱ्याला माझे कढीगोळे? मांजरालासुद्धा नाही!

दसऱ्याला सासूबाईंनी गोट्याला स्वतः शिवून आणलेला नवा झब्बा घातला. दोन वर्षं पुरावा म्हणून गुडघ्याखाली, आणि खिसा असा खोल की गोट्याचा हात कोपरापर्यंत आत. मी रांगेत उभी, पुढची लेकरं मोजत. आमची पाळी आली. काकांनी खिसा उलटा केला, दोन चिंचोके निघाले ते बाजूला ठेवले. मग गोट्याला उचललं, पाठ आमच्याकडे केली आणि उभे राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. त्याच्या कानात काहीतरी पुटपुटले.

"तेरा," म्हणाले.

पारड्यात बसवला. मापं टाकली. दांडी हलली, हलली आणि सरळ झाली.

"तेरा पूऽऽरा!"

मी काट्यालाच हात जोडले. सासूबाईंचा चेहरा पडला, पण काट्यापुढं बोलायची टाप कुणाची? घरी जाताना गोट्या एका बाजूला झुकून, एक पाय जड टाकत चालला होता. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "पाह्य कसा चालून राह्यला! अंगात वजन आलं की चालच बदलते मानसाची."

घरी येऊन मी त्याचा झब्बा काढला, आणि ठण्ण! सरकारी शिक्क्याचं अर्ध्या किलोचं लोखंडी माप फरशीवर.

"काय पडलं वो?" आतून सासूबाई.

"अडकित्ता!"

मी गोट्याकडे बघते तर तो ओठ घट्ट मिटून उभा. "काटेआजोबा म्हणाले, घरी जाईपर्यंत बोलायचं नाही," म्हणाला. "आलं ना घर?"

तिसऱ्या दिवशी सासूबाईंची गाडी सुटली, एकट्यांची. मी त्याच पावली गोट्याला कडेवर घेऊन, डब्यात कढीगोळे आणि त्याखाली फडक्यात ते माप, अशी काकांकडे गेले. मी माप त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते असं निरखलं, जसं काही पहिल्यांदाच बघतायत.

"हे तुमच्या घरी कसं आलं?"

"तुम्हीच सांगा."

"हात चुकला असन. वय झालं आता."

मी म्हटलं, "काका, शेठसाठी नाही, भावासाठी नाही. मग?"

ते डब्याचं झाकण उघडत राहिले, लावत राहिले. मग गोट्याकडेच बघून बोलले. "आमची शांता अशीच होती. वाळकी. दीड वर्षाची होती तं माय गेली तिची. आजी म्हणे, पांढरकवड्याले नेतो, भरली की आणून देतो." डबा खाली ठेवला. "भरली, बापा. चांगली भरली. मी आनाले गेलतो तं मामीच्या मागं लपली. आत ओरडून सांगते, 'पाहुणे आले.'"

मी गोट्याला कडेवर घट्ट धरला.

"आता दिवाळीले येते. दोन दिवस राह्यते. चहा घ्या, पाणी घ्या करते. लय चांगली पोरगी आहे." मापावरची धूळ त्यांनी अंगठ्यानं पुसली. "आख्ख्या दिग्रसचं वजन मले मालूम आहे, सूनबाई. तिचं नाही मालूम. उचलूनच नाही पाह्यलं कधी, मोठी झाल्यावर."

मला भडभडून आलं. काल-परवा ह्याच माणसाला मी काय काय बोलले होते! आणि तेव्हाच कळलं की वर्षानुवर्षं ज्याचा अंदाज कधी चुकला नाही, त्याला प्रत्येक पोट्टं एवढा वेळ छातीशी धरून उभं राहायची गरजच नव्हती. मला नवरीला तर त्यांनी ओट्यावरून नुसतं बघून तोललं होतं.

मी डोळे पुसले आणि गोट्याला त्यांच्यापुढं धरला. "घ्या. अंदाज घ्या."

"आज दसरा नाही," ते म्हणाले.

"तरी घ्या. परवाचं खरं नव्हतं ना? आता खरं सांगा."

त्यांनी हात धोतराला पुसले आणि गोट्याला उचललं. डोळे मिटले. गोट्यानं सवयीनं मूठ केली आणि त्यांच्या उपरण्याचं टोक धरलं. मांजर डब्याभोवती फिरायला लागलं, त्याला मी पायानं बाजूला केलं. रस्त्यावरून एक रिकामी बंडी खडखडत गेली.

अंदाज सांगायला त्यांनी त्या दिवशी फार वेळ लावला. मीही विचारलं नाही.